बाईंचा नारिंगी बटू

बाईंना वेळ विचारली तर त्या सांगत नसत. मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ असायचं, चालूही असायचं. पण गल्लीतून जाणाऱ्या कुणी "बाई, किती वाजले?" असं विचारलं, की त्या मनगट पदराखाली घ्यायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या घड्याळात माझे वाजलेत. तुमचे तुम्ही बघा."

त्या आमच्या घरमालकीण. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, अंगानं काटक, आणि हक्काच्या बाबतीत कमालीच्या हावरट. जे आपलं आहे ते फक्त आपलंच असलं पाहिजे, त्याला दुसऱ्याचं बोटसुद्धा लागता कामा नये, असा त्यांचा खाक्या. बादली, सूप, बाज, अंगणातल्या सीताफळाचं खोड, सगळ्यावर लाल ऑइलपेंटनं 'बाई' असं लिहिलेलं. सीताफळं भरायला लागली की प्रत्येक फळाला जुन्या साडीची चिंधी बांधायच्या, पाखरांनी वाटा मागू नये म्हणून. "वाटून घेतलं की वाटोळं होतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खेड्यातल्या मोठ्या शेतकरी घरात सात बहिणींत वाढल्या होत्या. जमीनजुमला बक्कळ, पण सात जणींत कंगवा एक. "गोधडी ज्या बाजूला ओढली जायची त्या बाजूला मी कधीच नसायची," असं एकदा बोलता बोलता म्हणाल्या, आणि एवढं सांगून टाकल्याचाही पस्तावा झाल्यासारख्या लगेच आत निघून गेल्या.

माणसांना त्या नावानं हाक मारत नसत, गावानं मारायच्या. मी फर्दापूरची. अजिंठ्याच्या लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या वडिलांचं चहा-जेवणाचं हॉटेल होतं, त्यामुळं येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत राहायची मला लहानपणापासून सवय. माझा नवरा वैजापूरचा, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. लग्न झाल्यावर आम्ही गारखेड्यात बाईंच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हापासून मी 'फर्दापूर' आणि तो 'वैजापूर'.

नवऱ्याबद्दल एवढंच सांगते, की तो बोलत नसे. भांडण नाही, राग नाही, व्यसन नाही. नुसतं बोलणं नाही. भाजी कशी झालीय? "हं." उद्या पहिली पाळी आहे का? "हं." पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईनं विचारलं, "कसे आहेत गं जावई?" मी म्हटलं, "चांगले असतील."

बाईंच्या घराला गच्ची होती. जिन्याला दार, दाराला कुलूप, कुलपाची किल्ली बाईंच्या कमरेला. थंडीचे दिवस आले की दिवेलागणीनंतर त्या वर जायच्या. सुती पातळावर पुरुषी स्वेटर, कानाला मफलर, पायात शाळेतल्या पोरी घालतात तसले कॅनव्हासचे बूट. तासाभरानं खाली यायच्या त्या मोठ्या खुशीत. वर काय करतात ते गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणायचं जप करतात, कुणी म्हणायचं निजामाच्या काळातलं सोनं पुरलंय वर. गच्चीत सोनं कसं पुरतात, हे कुणी विचारलं नाही.

मला कळलं ते तिवई मोडली म्हणून. बाईंची एक दुर्बीण होती, हातभर लांबीची, आणि तिच्या तिवईचा एक पाय निखळला. सुताराला वर न्यायची त्यांची तयारी नव्हती. मग एका संध्याकाळी दाराशी उभ्या राहून त्यांनी नवऱ्याला विचारलं, "वैजापूर, लोखंडाचं काम येतं म्हणं तुला?"

"हं," तो म्हणाला.

तो पान्हा घेऊन वर गेला आणि भात थिजून गेला तरी खाली आला नाही. आला तेव्हा मी विचारलं, "काय होतं वर?"

"तारा."

"कसला तारा?"

"नारिंगी."

त्या दिवशी तो स्वतःहून आणखीही काही बोलला. म्हणाला, "लहान आहे, पण आपल्या सूर्याच्या जातीचा. बटू म्हणतात असल्या ताऱ्याला." आणि मग जेवला. मी त्याच्याकडं बघत राहिले. आमच्या संसारातलं त्याचं ते सगळ्यात लांब भाषण होतं, आणि ते माझ्याबद्दल नव्हतं.

त्यानंतर पहिली पाळी असली की रोज संध्याकाळी वरून हाक यायची, "वैजापूर, ये रे." तो जायचा. मी खाली मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवत बसायचे आणि वरचे आवाज ऐकायचे. आधी पावलं. मग तिवई सरकवल्याचा आवाज. मग बोलणं. बाईंचं तुटक, आणि मधून मधून त्याचं, चांगली लांबलचक वाक्यं. काय बोलतो ते कळायचं नाही, पण वाक्य लांब आहे हे छतातूनही कळतं. आणि एके दिवशी तो हसला. मोठ्यानं, पोट धरून हसावं तसा. माझ्या नवऱ्याला हसता येतं हे मला छतातून कळलं.

मी मशीन थांबवली. हातातलं कापड ज्या बाईचं होतं तिचा काय दोष, पण ते मी जमिनीवर फेकलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठोपाठ मीही जिन्यापाशी गेले. बाईंनी दार अर्धंच उघडं धरलं.

"तू खाली थांब, फर्दापूर. जिना चढताना तुझ्या बांगड्या वाजतात."

"बांगड्यांनी तारा हलतो का, बाई?"

"तारा नाय हलत. मी हलते," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून मला त्या बाईचा आणि त्या ताऱ्याचा सारखाच हेवा वाटायला लागला. हेवा म्हणजे काय असतं हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते: तो घशात बसत नाही, कानात बसतो. रात्रंदिवस ऐकू येतं. बाई खाली आल्या की मी त्यांच्या तोंडाकडं बघायचे, ह्या साठी ओलांडलेल्या बाईकडं असं काय आहे जे माझ्याकडं नाही? दिसायला मी बरी होते. स्वयंपाक चांगला होता. बोलायला तर मी फर्दापूरच्या परदेशी पाहुण्यांनाही बोलतं केलं होतं, भाषा येत नसताना.

नवऱ्याला खोदून खोदून मी थोडंफार काढून घेतलं. मृग नक्षत्राच्या पायापासून पश्चिमेकडं ताऱ्यांची एक लांब नागमोडी ओळ निघते, तिला वैतरणी म्हणतात. त्या वैतरणीत हा तारा. साध्या डोळ्यांना दिसतो, पण फिकट. "वैतरणी म्हणजे मेल्यावर लागते ती?" मी विचारलं. "हो. मीपण बाईंना हेच विचारलं," तो म्हणाला आणि त्याला पुन्हा हसू आलं. "त्या म्हणाल्या, जिवंतपणी बघून ठेवलेली बरी."

ह्यावर हसला होता तर! हे तर मीही म्हटलं असतं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी हाच तारा का धरला, तेही त्यांनी त्याला सांगितलं होतं. तरुणपणी कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं, की आपल्या जवळपासच्या ताऱ्यांत हा एक आहे, त्याचा उजेड इथं पोचायला साडेदहा वर्षं लागतात, आणि त्याच्याकडं मुद्दाम कुणी बघत नाही. "व्याधाकडं सगळं गाव बघतं," बाई म्हणाल्या होत्या. "मृगाकडं शेतकरी बघतो. ध्रुवाकडं नवरी बघते. ह्याच्याकडं कुणी नाय. ह्याच्या आजूबाजूलापण कुणी नाय. एकटाच आहे. म्हणून मी तो घेतला."

'घेतला' हा शब्द नवऱ्यानं जसाच्या तसा सांगितला. बाजारातून कोथिंबिरीची जुडी घ्यावी तसा.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. एक पाऊस गेला, दुसराही गेला. नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी, तेही करंगळीएवढी धार. शहर मात्र वाढतच होतं. आमच्या दक्षिणेला जिथं बाजरी असायची तिथं प्लॉट पडले, खांब उभे राहिले, आणि इमारती बांधायला कुठून कोण जाणे पाणी मिळत होतं. प्यायला टँकर. टँकर वळणावर दिसला की सगळी गल्ली हंडे-कळशा घेऊन धावायची.

असल्या वर्षी आभाळ मात्र फार सुंदर असतं. कोरडी हवा, ढगाचा डाग नाही, तारे असे की हात पुसून उचलावेत. गल्लीतली माणसं सकाळी वर बघून सुस्कारे टाकायची आणि बाई संध्याकाळी वर बघून खूश व्हायच्या. हे फार दिवस झाकून राहणारं नव्हतंच.

पौषात एका संध्याकाळी अचानक ढग आले. काळे, भरलेले, वारासुद्धा ओला. सगळी गल्ली बाहेर आली. बायकांनी पन्हाळीखाली पातेली मांडली, पोरं नागडी होऊन नाचायला लागली. दोन थेंब पडलेदेखील. तेवढ्यात गच्चीवरून खणखणीत आवाज आला, शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"हटा! हटा म्हणते ना! आत्ताच यायचं होतं का?"

वर बघितलं तर मफलर बांधलेल्या बाई कठड्याला धरून उभ्या, आणि ढगांना हातानं कोंबड्या हाकलाव्यात तशा हाकलतायत.

आणि ढग गेले. तासाभरात आभाळ लखलखीत.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा बाई आपली लाल अक्षरांची बादली घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, तर पुढच्या बाईनं त्यांना हातानं मागं सारलं. "तुम्हाला कशाला पाणी? तुम्हाला आभाळ पुरतं ना?" दुसरी म्हणाली, "आलेला पाऊस हाकलला हिनं. लई पाप लागंल, बाई." टँकरवाल्यानंही पाइप दुसरीकडं वळवला. बाई रिकामी बादली घेऊन घराकडं वळल्या. उन्हात त्यांची सावली फार बारीक पडली होती.

मी पुढं झाले. माझी कळशी भरली, बाईंच्या हातातली बादली ओढून घेतली आणि तीही पाइपाखाली धरली. गल्लीतल्या बायका मला बोलल्या. मी त्यांना सवाई बोलले, बोलण्यात मला कोण हरवणार? कुणाला वाटेल मला बाईंची दया आली. दया वगैरे काही नव्हती. बाईंशी माझं भांडण होतं, आणि ते माझं एकटीचं होतं. त्यात गल्लीला वाटा द्यायची माझी तयारी नव्हती.

घरी आल्यावर बाईंनी बादली घेतली, वळल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आठ वाजायला दहा कमी आहेत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, की त्यांनी मला वेळ सांगितली होती.

पण गच्चीचं दार काही उघडलं नाही. ते उघडलं पुढच्या थंडीत, आणि त्याला कारण झाला माझा नवरा.

कारखान्यात एक तरुण इंजिनिअर आला होता, जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर जगभरचं काय काय वाचणारा. नवऱ्यानं त्याला कधीतरी ताऱ्याबद्दल सांगितलं. म्हणजे तिथंही तो बोलायला लागला होता. त्या मुलानं शोधून काढलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, की ह्या ताऱ्याभोवती एक ग्रह फिरतो. आपल्या गुरूसारखा राक्षसी मोठा. ग्रह कुणाला दिसलेला नाही, पण त्याच्या ओढीनं तारा जरासा मागंपुढं होतो, त्यावरून शास्त्रज्ञांनी ओळखलं. सात वर्षांत एक फेरी मारतो म्हणे.

नवरा त्या दिवशी सायकल दाराशी टाकून धावतच जिन्याकडं गेला. बूटसुद्धा काढले नाहीत. बाईंच्या घरी पेढे घेऊन जावं असा त्याचा चेहरा होता. मी खाली कान देऊन बसले. त्याचं लांब वाक्य ऐकू आलं, मग आणखी एक. मग तिवई घडी केल्याचा आवाज.

तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"काय झालं?"

"बाईंनी दुर्बीण गुंडाळून ठेवली."

"का?"

"काय माहीत. मला वाटलं त्यांना आनंद होईल." तो चुलीपुढं पाय दुमडून बसला. "एकटा नाही ना तो."

त्यानंतर संध्याकाळी हाक येईना. बाई वर जाईनात. अंधार पडला की जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायच्या, मफलर न बांधता. जेवणाचीही शुद्ध नसावी, कारण त्यांच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येणं बंद झालं. नवरा दोनदा जाऊन आला. त्या त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. पुन्हा तो घरात गप्प झाला. खरं तर ह्याच दिवसाची मी वाट बघत होते. तारा तुटला, तर नवरा माझा. पण नवरा पाटावर बसून भिंतीकडं बघत होता, आणि ज्या भिंतीकडं तो बघत होता तिच्या पलीकडं बाई होत्या. म्हणजे मला मिळालं काय?

शेवटी मी पिठलं-भाकरीचं ताट झाकून घेतलं आणि बांगड्या वाजवत जिन्यापाशी गेले. ताट पायरीवर ठेवलं आणि शेजारी बसले.

बाईंनी ताट जरा बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "कळलं असंल तुला."

"कळलं."

"लई मोठा आहे म्हणं. गुरूएवढा."

"असेना."

"किती वर्षं बघतेय मी त्याला, फर्दापूर. शाळेत रुजू झाले त्याच्याही आधीपासून. सगळी मुलं-माणसं घरी गेली की मनात म्हणायचे, चला, आपल्यासारखाच एक आहे वर, त्याचंपण कुणी नाय." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "अन् हा आधीपासून तसाच! म्हणजे मी बघत होते तेव्हापण ते फिरतच होतं त्याच्याभोवती. अन् ह्यानं... हलला म्हणं त्याच्या ओढीनं. मी एवढी वर्षं बघतेय, माझ्यासाठी हलला का कधी?"

मी त्यांच्याकडं बघितलं. गल्लीतल्या कुणीही हे ऐकलं असतं तर बाईंचं डोकं फिरलंय असं म्हटलं असतं. मला त्यात काहीच वेडेपणा वाटला नाही. शब्द न् शब्द ओळखीचा होता.

"बाई," मी म्हटलं, "म्हणजे लग्नाचा निघाला की हो."

बाईंनी मान वळवली. पायरीवरच्या अंधारात त्यांचे डोळे आधी मोठे झाले. मग ओठ हलले. मग जे हसू फुटलं ते आवरेना; त्या भिंतीला टेकल्या, पोटावर हात धरला, "लग्नाचा!... अगं, लग्नाचा!" एवढंच म्हणत राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मीही हसत होते. माझं कशानं वाहत होतं कोण जाणे.

हसू ओसरल्यावर मी हिंमत केली. "तुम्ही का नाही केलं लग्न?"

"केलं असतं तर वाटावं लागलं असतं त्याला," त्या सरळ म्हणाल्या. "सासूला, नणंदांना, त्याच्या दोस्तांना. माझ्या वाट्याला काय आलं असतं? बोटभर." मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाल्या, "तुला किती येतो?"

मी ताटावरचं झाकण काढून ते त्यांच्यापुढं सरकवलं. बाई मास्तरीण होत्या. उत्तर येत नसलेली मुलगी त्यांना लगेच ओळखू यायची. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, सावकाश खाल्ला, हात धुतला. मग कमरेची किल्ली काढली.

"चल वर. बांगड्या वाजू देत."

मी पहिल्यांदा त्या दुर्बिणीला डोळा लावला. काय दिसलं? एक ठिपका. पिकायला लागलेल्या मोसंबीच्या सालीचा रंग असतो ना, तसा. बस. ग्रह नाही, काही नाही. मनात म्हटलं, ह्या एवढ्याशा गोष्टीसाठी मी दोन वर्षं जळले? पण डोळा काढवेना. ठिपका थरथरत होता. बाई म्हणाल्या, ते थरथरणं आपल्या हवेचं, त्याचं नव्हे. "ज्या हलण्यानं त्यांना कळलं ते आपल्याला दिसत नाय. ते लई बारीक असतं."

खाली आले तेव्हा नवरा दारात उभा होता.

"काय बोलत होतात दोघी एवढं? हसत काय होतात?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं आणि ताट घासायला घेतलं. तो माझ्यामागं मोरीपर्यंत आला. "नाही, पण काय म्हणाल्या बाई? माझ्याबद्दल काही बोलल्या का?" लग्न झाल्यापासून तो पहिल्यांदाच माझ्यामागं मोरीपर्यंत आला होता. मी सावकाश घासलं ते ताट.

पुरता महिनाभर बाईंनी त्याला वर घेतलं नाही. बातमी आणणाऱ्यावर त्यांचा राग होता. मी एकटीच जायचे आणि तो खाली बसून छताकडं बघायचा. खाली आले की तो विचारायचा आणि मी थोडं सांगायचे, थोडं ठेवून घ्यायचे. असं करता करता आम्ही दोघं बोलायला लागलो. पुढं बाईंचा राग उतरला, मग आम्ही तिघंही वर बसायचो. शेंगा भाजून न्यायचो. बाई ग्रहाला 'ती' म्हणायला लागल्या. "आज कुठं असंल गं ती? मागं का पुढं?" आवाजात अजूनही किंचित विखार असायचा, पण नाव घेतल्याशिवाय राहवायचंही नाही.

मग दक्षिणेला सहा मजली इमारत उठली. तिच्या गच्चीवर मोठा दिवा, शेजारी दुकानांच्या पाट्या, पलीकडं रुंद झालेला रस्ता. आधी वैतरणीतले बारीक तारे गेले, मग आमचा नारिंगीही असा झाला की आहे म्हटलं तर आहे. त्याच सुमारास आम्ही चिकलठाण्याच्या बाजूला स्वतःचा फ्लॅट घेतला. निघताना मी बाईंच्या पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला नाही. "जा. तिकडं तुमचं तुम्ही आभाळ बघा," एवढंच म्हणाल्या आणि आमचा टेंपो वळायच्या आत दार लावून घेतलं.

वर्षातून दोनदा, कधी एकदा, असं आमचं जाणं होत राहिलं. दर वेळी बाई म्हणायच्या, आता काही दिसत नाही, मी वर जाणं सोडलंय. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटायचं. आमच्यानंतर कुणी नाही.

बाई गेल्याचं कळलं तेव्हा मधले विधी होऊन गेले होते. आम्ही दहाव्याला पोचलो. भाच्यानं सगळं केलं होतं. अंगणात सतरंजी, त्यावर तीस-पस्तीस माणसं. मला नवल वाटलं. जी बाई कुणाला वेळ सांगत नव्हती तिच्या दहाव्याला एवढी माणसं? एकही चेहरा ओळखीचा नव्हता. गल्ली पार बदलून गेली होती. आम्ही कडेला टेकलो.

एक म्हातारे रिक्षावाले चाचा सांगत होते, "यहाँ से तो दिखताच नै था ना. तो मैं रिक्षे में ले को जाता था उनकू, दौलताबाद के आगे. दुर्बीण गोदी में पकड को बैठते थे. मेरेकू बोले, चाचा, आजतक किसीकू नै दिखाई, सिरफ तुमकू दिखारी मैं."

"हे काय, चाचा?" समोरचा मेडिकल दुकानवाला ताडकन म्हणाला. "मला तर म्हणाल्या होत्या, फक्त तुलाच दाखवते."

"मलाबी," भाजीवाली मावशी म्हणाली. "चाचाच्याच रिक्षातून नेलतं की मला. चाचा लांब बिडी ओढत उभे व्हते. बाई म्हनल्या, गपचिप बघ, चाचाला सांगू नगं."

दोन माजी विद्यार्थिनी एकमेकींकडं बघत होत्या. त्यांनाही तसंच सांगितलं होतं. एक डॉक्टरीण म्हणाली, मलासुद्धा. थोड्या वेळानं सतरंजीवरची सगळीच माणसं बोलायला लागली. दहाव्याला हसू नये म्हणून तोंडाला रुमाल लावून हसायला लागली. माझ्या कानात जुना आवाज सुरू झाला होता. नवऱ्यानं हळूच माझ्या हातावर हात ठेवला.

"अन् एक सांगायच्या बघा," भाजीवाली मावशी म्हणाली, "खालच्या खोलीत एक भाडेकरीण ऱ्हायची म्हनं पूर्वी. लई जळकी. बाई म्हनायच्या, सगळ्या जगाला कळलं तरी चालंल, पर तिला कळू द्यायचं नाय. तिला कळलं तर ती जेवायची नाय."

"हां हां, मेरेकू भी बोले थे," चाचा म्हणाले. "बोले, उसका दिल नै तोडना."

सगळे पुन्हा हसले. मावशीचं लक्ष माझ्याकडं गेलं. "तुम्ही बाईंच्या कोन, ताई?"

"तीच," मी म्हटलं. "खाली राहायची ती."

चाचांनी टोपी नीट केली. मावशी ओशाळली, मग सरकली आणि आपल्या शेजारची जागा पदरानं झटकून म्हणाली, "या ना, बसा की हितं."

मी उठले, तिच्याशेजारी जाऊन बसले, आणि बसता बसताच विचारलं, "तुम्हाला किती वेळा दाखवला?"